परवाना कुणी विचारत नाही, म्हणून...

मागच्या महिन्यात एक भाभी आपल्या मुलीला घेऊन माझ्या पार्लरमध्ये आल्या. निकाहला सतरा दिवस राहिले होते. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, हसरी, गव्हाळ रंगाची. भाभींनी पर्समधून एक पांढरी डबी काढून टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "रोज एवढंच लाव. माझ्या बहिणीच्या मुलीला पंधरा दिवसांत फरक पडला." डबीवर ना कंपनीचं नाव, ना बॅच नंबर, ना तारीख. मी डबी परत सरकवली. "भाभी, हे मी लावणार नाही." त्या रागावून निघून गेल्या. मुलगी काही बोलली नाही. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

त्या दिवशी मी ठामपणे नाही म्हणाले, यात मोठेपणा काही नाही. सहा वर्षांपूर्वी असल्याच डब्या मी स्वतः विकत होते.

अंथुर्णे हे बारामती-इंदापूर रस्त्यावरचं उसाच्या पट्ट्यातलं गाव. घराच्या पुढच्या खोलीत आरसा, एक खुर्ची आणि पडदा लावून मी पार्लर सुरू केलं, तेव्हा माझ्याकडे तीन महिन्यांच्या क्लासचं सर्टिफिकेट होतं. आयब्रो, वॅक्स, फेशियल, नवरीचा मेकअप एवढं येत होतं. शहरातल्या एका होलसेल दुकानदाराने 'नाईट क्रीम' म्हणून बिनलेबलच्या डब्या दिल्या. ऐंशीची डबी दोनशेला जायची. गावातली एक ताई तीन महिने ती लावत होती. सुरुवातीला चेहरा खरंच उजळला. मग तिने क्रीम बंद केलं आणि आठवड्यात चेहरा लालबुंद झाला, आग होऊ लागली, पुरळ आलं. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की क्रीममध्ये स्टेरॉइड असणार. ताई माझ्याशी भांडली नाही. तिने फक्त माझ्याकडे येणं बंद केलं. रस्त्यात दिसली की आजही माझी मान खाली जाते.

क्लोबेटासॉल, बीटामेथासोन ही स्टेरॉइड्स म्हणजे औषधं आहेत. काही त्वचारोगांवर डॉक्टर ती मोजक्या दिवसांसाठी देतात. महिनोन् महिने चेहऱ्यावर लावली तर त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, बायकांच्या चेहऱ्यावर केस येतात आणि क्रीम सोडलं की त्रास दुपटीने उसळतो. म्हणून २०१८ साली केंद्र सरकारने अशा चौदा स्टेरॉइड क्रीम्सची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. मेडिकलवाल्यालाही जे चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, ते मी फेशियलच्या खुर्चीवरून विकत होते.

पाऱ्याची गोष्ट याहून वाईट. २०२३च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची बातमी आली होती. आई आणि दोन मुली. ब्युटिशियनकडून मिळालेलं गोरेपणाचं क्रीम तिघींनी वापरलं आणि तिघींच्याही मूत्रपिंडाला इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात उपचार झाले, क्रीमची तपासणी झाली, तेव्हा त्यात पाऱ्याचं प्रमाण प्रचंड निघालं. त्याच वर्षी केरळमधल्या मलप्पुरममध्ये डॉक्टरांना असेच मूत्रपिंडाचे रुग्ण सापडले आणि तिथल्या औषध नियंत्रण विभागाने 'ऑपरेशन सौंदर्य' नावाची मोहीम काढून दुकानांवर छापे टाकले. पारा त्वचेतलं रंगद्रव्य बनणं रोखतो, म्हणून चेहरा उजळतो. पण तो त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. लघवीला फेस येणं, चेहरा-पाय सुजणं ही लक्षणं दिसेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार पारा घालून प्रसाधन बनवायला बंदी आहे. क्रीममध्ये नकळत राहिलेला पाराही दहा लाख भागांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही.

आता मुद्द्याकडे येते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात त्वचेची निगा राखण्याचा धंदा करायचा तर ६०० तासांचं प्रशिक्षण, राज्याच्या मंडळाची परीक्षा आणि परवाना लागतो. आपल्याकडे ब्युटिशियनसाठी असा परवानाच नाही. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा चांगला ट्रेड आहे, पण तो केलाच पाहिजे असं बंधन नाही. दुकान नोंदवायचं तर २०१७च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात छोट्या आस्थापनेने ऑनलाइन माहिती दिली की पुरतं. उद्यम नोंदणी आधारवर फुकट होते. दोन्ही जरूर करा. बँकेत कर्ज मागायला गेल्यावर उपयोग होतो. पण यातला कुठलाच कागद तुम्हाला काम येतं की नाही, हे तपासत नाही.

परवाना नाही म्हणजे कायदा नाही, असा समज आपल्या मुलींमध्ये आहे. तो चूक आहे. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ प्रमाणे नोंदणी नसलेल्या माणसाला वैद्यकीय व्यवसाय करता येत नाही. सुई टोचून औषध देणं, बोटॉक्स, फिलर, गोरेपणाची इंजेक्शनं, तीळ-चामखीळ जाळणं ही डॉक्टरची कामं आहेत. दोन दिवसांच्या 'ॲडव्हान्स' वर्कशॉपमध्ये पंचवीस हजार भरून मिळालेलं चकचकीत सर्टिफिकेट ही रेघ पुसू शकत नाही. शिवाय पैसे घेऊन सेवा दिली की ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू होतो. खोली घरातली आहे म्हणून आपली सुटका नाही.

मग रोजच्या कामात काय करायचं? मी माझ्यापुरते काही नियम केले आहेत.

लेबल नसलेली वस्तू पार्लरच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि घटकांची यादी पाहिजेच. माल बाहेरच्या देशातला असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक पाहिजे. गल्फमधून मामूंनी पाठवलेलं क्रीमही याला अपवाद नाही.

हेअर डाय लावण्याआधी पॅच टेस्ट. कानामागे थोडा रंग लावायचा आणि निदान चोवीस तास थांबायचं. हे माझ्या मनाचं नाही. डायच्या पाकिटावर हा इशारा स्थानिक भाषेतही छापायचा नियम आहे. हा रंग भुवयांना-पापण्यांना लावू नका, आंधळेपण येऊ शकतं, असंही त्यावर असतं. तरी "आपा, आयब्रोही काळ्या करून दे ना" ही मागणी आठवड्यातून एकदा येतेच.

ईदच्या आधी काळ्या मेंदीचे कोन येतात. मेंदीच्या पानाचा स्वतःचा रंग केशरीपासून गडद तपकिरीपर्यंत जातो, काळा कधीच होत नाही. तासाभरात काळाभोर रंग देणाऱ्या कोनात बहुतेक वेळा पीपीडी हे हेअर डायचं रसायन असतं. त्याने हातावर फोड येतात आणि एकदा ॲलर्जी जडली की ती जन्मभराची. मी पान वाटून, गाळून घरी कोन बनवते. रंग चढायला रात्र जाते. चांद रात असतेच की त्यासाठी!

थ्रेडिंगचा दोरा मी दातात धरत नाही, मानेत अडकवते. वॅक्सचा चमचा एकदा अंगाला लागला की परत डब्यात जात नाही. पातं प्रत्येकीला नवं. ब्लॅकहेड काढायची सुई आणि कात्री आधी साबणाने घासायची, मग वीस मिनिटं उकळायची. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस जिवंत राहतो. तुकोबांची पालखी आमच्या गावात मुक्कामाला असते, तेव्हा दाढी-कटिंगची सेवा देणारे कारागीर एकामागून एक वारकरी बसवतात आणि दरवेळी पातं बदलतात. फुकटच्या सेवेत जे पाळलं जातं, ते पैसे घेऊन आपण का पाळू नये?

आणि एक वही. नाव, तारीख, काय केलं, कुठल्या कंपनीचं काय लावलं, कसली ॲलर्जी आहे, कुठल्या गोळ्या चालू आहेत. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्या मुलीचं वॅक्स केलं तर कातडी सोलून निघू शकते. विचारलंच नाही, तर कळणार कसं?

माझ्या मैत्रिणी म्हणतात, "तू नाही म्हटलंस की गिऱ्हाईक शेजारच्या गावात जातं." खरं आहे. त्या भाभी गेल्याच. लग्नसराईत नवरीच्या एका पॅकेजवर महिन्याचा किराणा निघतो, त्यामुळे हे नुकसान मला माहीत आहे. पण माझ्याकडे आज जी बांधील गिऱ्हाइकं आहेत, ती वही आणि उकळलेली कात्री बघूनच टिकली आहेत. खेड्यात चेहरा बिघडल्याची बातमी लवकर पसरते, तशी चेहरा सांभाळल्याचीही पसरते. वेळ लागतो एवढंच.

तरी सगळं ओझं पार्लरवालीवर टाकून चालणार नाही. ती डबी टेबलावर येते कुठून? रिश्त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'गोरी, स्लिम, दीनदार' लिहिणारे कोण आहेत? २०२० साली एका मोठ्या कंपनीने आपल्या क्रीमच्या नावातून 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं. आपल्या बायोडाटातून मात्र तो शब्द गेला नाही. वर गंमत अशी की, मुलीने पार्लर चालवणं शोभत नाही म्हणणारे बुजुर्ग घरच्या लग्नात "नवरी उठून दिसली पाहिजे" म्हणून त्याच मुलीला बोलावतात. काम हवं, काम करणारीची इज्जत नको. जिला आपल्या कामाबद्दल मान मिळत नाही, तिला नाही म्हणण्याचं बळ कुठून येणार?

आपल्या समाजातल्या कितीतरी मुलींचं शिक्षण दहावी-बारावीला थांबतं. घराबाहेर नोकरीला परवानगी नसते, तेव्हा पार्लर ही तिची स्वतःच्या नावाची पहिली कमाई असते. मला त्या पैशाची चव माहीत आहे. म्हणूनच ती कमाई कुणाच्या मूत्रपिंडाच्या किमतीवर नको.

तरुण वाचकांना माझं सांगणं थोडं आहे. तुम्ही पार्लर चालवत असाल तर उद्या सकाळी कपाट उघडा आणि बिनलेबलच्या डब्या बाजूला काढा. संशयाची वस्तू असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. तालुक्यातल्या चार-पाच जणींनी मिळून अधिकृत विक्रेत्याकडून एकत्र माल घ्या, म्हणजे स्वस्त पडेल. वर्षातून एकदा एखाद्या त्वचेच्या डॉक्टरांना बोलवा आणि प्रश्न विचारा. तुम्ही भाऊ असाल तर सलूनमध्ये नवं पातं मागा, आणि स्वतःचा रिश्ता बघताना 'गोरी' हा शब्द खोडा. संघटनांच्या शिबिरात शिलाई मशिनं वाटली जातात, चांगलंच आहे. त्यासोबत पार्लर चालवणाऱ्या मुलींसाठी एक दिवस स्वच्छतेचा आणि कायद्याचा ठेवायला काय हरकत आहे?

सरकार परवाना आणेल तेव्हा आणेल. आणलाच पाहिजे, आणि तो खेड्यातल्या मुलीला परवडेल असा आणला पाहिजे. तोपर्यंत माझ्या भिंतीवर पुठ्ठ्याची एक पाटी आहे: 'इथे बिनलेबलचं क्रीम, इंजेक्शन आणि काळी मेंदी मिळणार नाही.'

निकाहच्या आदल्या दिवशी ती मुलगी एकटीच मेंदीसाठी आली. ती डबी लावली का, हे मी विचारलं. म्हणाली, "अम्मीने दुसरीकडे नेलं होतं. मी तिथेही लेबल विचारलं." मी तिचा हात पुढे घेतला आणि कोन उघडला.