नर्सीच्या शिंप्याचे प्रकाशन

साहित्य संमेलनाहून परतलेल्या लेखकाला घरची मंडळी पहिला प्रश्न विचारतात, "मग, पुस्तक कधी निघणार?" बिचारा गप्प बसतो! त्याने हिंगोली जिल्ह्यातील नर्सीच्या नामदेवांची कथा ऐकावी. त्यांचे संमेलन भरे चंद्रभागेच्या वाळवंटी; ना मंडप, ना ठराव. परंपरेप्रमाणे १३५० साली ते समाधिस्थ झाले. पुढे सुमारे अडीचशे वर्षांनी, १६०४ मध्ये शिखांचा आदिग्रंथ सिद्ध झाला. त्या ग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत! तोवर ती जपली गाणाऱ्यांच्या कंठांनीही. पंजाबात ते जेथे राहिले, त्या घुमानला २०१५ मध्ये ८८वे साहित्य संमेलन भरले. तेव्हा लेखकमहाशय, प्रकाशक भेटेल तेव्हा भेटो. आधी आपली एखादी ओळ शेजाऱ्याच्या ओठी बसते का, ते पाहा!