गिटारला दांडी हवी की नको?

मेसच्या भाजीबद्दल आमच्या हॉस्टेलचं एकमत आहे. पण जिमखान्याच्या पैशातून येणारी इलेक्ट्रिक गिटार ट्रेमोलोवाली असावी की फिक्स्ड ब्रिजची, यावर सरळ दोन पार्ट्या पडल्यात. माझं मत फिक्स्डला. का ते सांगतो. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठी सांभाळून घ्या!

ब्रिज म्हणजे गिटारच्या बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग. फिक्स्ड ब्रिज बॉडीला घट्ट बसवलेला असतो. ट्रेमोलो ब्रिज मात्र डुलतो. त्याची दांडी दाबली की तारा सैल होतात आणि सूर खाली घसरतो. खरं तर ट्रेमोलो म्हणजे आवाज लहान-मोठा होणं, आणि सूर हलतो तो व्हायब्रॅटो. पण लिओ फेंडरने १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरवर ट्रेमोलो हेच नाव दिलं, आणि ते कायमचं चिकटलं.

आता थोडं मेकॅनिक्स. घाबरू नका, व्हायवा नाहीये. नेहमीच्या सेटमधल्या सहा तारा मिळून साधारण ४५ ते ५० किलो वजनाइतक्या ताणाने ब्रिजला पुढे ओढतात. तरंगत्या ट्रेमोलोत हा ताण बॉडीच्या पाठीमागच्या स्प्रिंगा तोलून धरतात. म्हणजे ही रस्सीखेच आहे. एक तार तुटली की स्प्रिंगा जिंकतात, ब्रिज मागे झुकतो आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. गॅदरिंगच्या स्टेजवर असं झालं तर गाणं तिथेच संपलं!

तार न तुटताही त्रास आहेच. फ्रीक्वेन्सी ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. ड्रॉप डी ट्यूनिंगसाठी सहावी तार एक स्वर उतरवली की तिचा ताण सुमारे २० टक्क्यांनी घटतो. तोल बिघडतो, बाकीच्या तारा चढतात. त्या उतरवाव्यात तर सहावी पुन्हा हलते. आमच्याकडे चार वाजता मेटलवाले येणार, पाचला हिंदी गाणीवाले. तासाभराच्या स्लॉटमधली वीस मिनिटं ट्यूनिंगमध्येच जाणार. सीनियर कसंतरी निभावतील, पण पहिल्यांदाच गिटार हातात घेणारा फर्स्ट इयरचा मुलगा किंवा मुलगी? ‘आपल्याला जमत नाही बुवा’ म्हणून ती गिटार परत ठेवून देतील. बिघडलेली असेल गिटार, आणि दोष देतील स्वतःच्या कानाला. मला खरी काळजी याचीच वाटते.

समोरच्या पार्टीचा मुद्दा खोटा नाही. बोटाने तार ओढून सूर फक्त वर नेता येतो. मोकळी तार खोल खाली घसरवायला दांडीच लागते. १९६९ मध्ये वुडस्टॉकला हेंड्रिक्सने अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं, ते दांडीशिवाय तसं झालंच नसतं. ‘मग फ्लॉइड रोझ घेऊ’, असंही कोणी म्हणेल. त्यात तारा दोन्ही टोकांना क्लॅम्प होतात, त्यामुळे कितीही दांडी दाबली तरी सूर टिकतो. मान्य. पण रस्सीखेच तीच, आणि पूर्ण ट्यूनिंग बदलायचं तर आधी ॲलन की शोधा. आमच्या हॉस्टेलात साधी बादली जागेवर सापडत नाही!

आणि दांडी नाही म्हणून सूर हलत नाही, असं थोडंच आहे? बी. बी. किंगचा व्हायब्रॅटो डाव्या हाताच्या बोटांतून यायचा. आपले सतारवादक पडद्यावर तार बाजूला ओढून मींड घेतात. एरिक क्लॅप्टन स्ट्रॅटोकास्टर वाजवतो, पण तिचा ट्रेमोलो आत लाकडाचा ठोकळा बसवून बंद केलेला असतो.

हाच उपाय, ज्यांच्याकडे ट्रेमोलोवाली गिटार आधीच आहे, त्यांनाही करता येईल. स्वतःच्या पैशाने, स्वतःपुरती घेणाऱ्याने तर खुशाल ट्रेमोलो घ्यावा, फक्त अगदी स्वस्तातला नको. त्याची टेकायची धार लवकर झिजते आणि ब्रिज मूळ जागी परत येत नाही. पण दहा हातांत फिरणारी गिटार ज्याच्या हातात जाईल त्याला सुरात मिळायला हवी. म्हणून जिमखान्याने फिक्स्ड ब्रिजच घ्यावा.

आणि दांडीची फारच हौस असेल, तर सकाळी आठचं लेक्चर आहेच की!