यादीत पाचव्या ओळीला बायबल



सामानाची यादी आली आहे. स्लीपिंग बॅग, टॉर्च, पोहण्याचे दोन ड्रेस, डासांचं मलम (ते डासांना पळवतं, मारत नाही, म्हणून चालतं), आणि पाचव्या ओळीला बायबल. आमची नऊ वर्षांची लेक पुढच्या रविवारी इथे मिशिगनमध्येच एका तळ्याकाठी, चर्चच्या समर कॅम्पला सहा रात्री राहायला चालली आहे. शेजारची मैत्रीण दरवर्षी जाते, तिच्याबरोबर.

सांगलीहून सासूबाईंचा फोन आला, "अगं, तिकडे आपलं शिबिर नसतं का?" असतं, आणि त्यालाही ती जाते. पण वर्षातले 180 दिवस ती ज्या मुलांबरोबर शाळेत बसते, त्यांच्या घरचा देव तिला कळला तर बिघडलं काय? माझं मत, पाठवावं. मात्र तयारी करून पाठवावं.

माझी पहिली तयारी साफ चुकली. मी 'काय नको' याची दोन पानं लिहिली. अंडं नको, कंदमूळ नको, जिलेटिन नको. लेकीने ती वाचली आणि विचारलं, "आई, मग मी खाऊ काय?" पानं फाडली आणि कॅम्पच्या स्वयंपाकघरात फोन लावला. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं. पॅनकेकमध्ये अंडं असतं, तर त्या सकाळी दूध-सीरियल. बटाट्याऐवजी मका. संध्याकाळचं जेवण साडेपाचला! जुलैत इथे सूर्य नऊनंतर मावळतो, म्हणजे रात्रिभोजनाचा त्याग सांगलीपेक्षा इथे सोपा. अडचण शेकोटीची. मार्शमेलोत जिलेटिन, म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं, आणि तेही अंधार पडल्यावर. बिनजिलेटिनचे मिळतात, ते दुपारी खायला दिले आहेत. शेंगदाण्याचे लाडू मात्र परत डब्यात गेले. ॲलर्जीमुळे तिथे दाणे आणायलाच बंदी आहे.

दुपारच्या खेळांत मासेमारी होती. मी काही बोलायच्या आत लेकीने होडीवर खूण केली. "गळाला किडा लावतात, आई," एवढंच म्हणाली. ते माझ्या दोन पानांत नव्हतंच.

जेवणाआधी सगळे हात धरून प्रार्थना करतात. मी सांगितलं, तूही हात धर, डोळे मीट, मनात णमोकार म्हण. हा दुटप्पीपणा आहे असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. आपण अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि सर्व साधूंना नमस्कार करतो, त्यात कुणा एकाचं नावसुद्धा नाही. तो कुठल्याही टेबलावर म्हणता येतो.

खरी धास्ती शेवटच्या रात्रीची. अशा बऱ्याच कॅम्पमध्ये शेकोटीपाशी विचारतात, येशूला ज्यांना आपला तारणहार मानायचं आहे त्यांनी पुढे यावं. संचालिकाबाईंना मी सरळच विचारलं, त्यांनीही आडपडदा न ठेवता 'हो' म्हटलं. कुणावर जबरदस्ती नसते, पण विचारतात. आता नऊ वर्षांचं पोर. गाणी, शेकोटी, सगळ्या मैत्रिणी उठलेल्या. त्यात एकटीने बसून राहणं मोठ्यांनाही जड जाईल.

म्हणून तिला एकच वाक्य पाठ करून घेतलं: "मी जैन आहे, मी इथेच बसते." घरी चार वेळा मोठ्याने म्हणवून घेतलं. आणि वर सांगितलं, "समजा उठलीसच, तरी मी रागावणार नाही. फक्त घरी येऊन मला सांग."

हे दुसरं वाक्य यांना पटलेलं नाही. म्हणतात, आधीच सूट कशाला द्यायची? मला त्यात सूट दिसत नाही. ती उठली तर आपल्याला पाठशाळेत अजून पुष्कळ रविवार आहेत. पण माझ्या भीतीने ती लपवायला शिकली, तर त्यावर मला उपाय माहीत नाही. आमचं यावर अजून एकमत नाही, आणि रविवारपर्यंत होईल असंही दिसत नाही.

बायबल मैत्रिणीच्या आईने दिलं. काल लेक स्वतःच पिशवी भरत होती. मंदिरात आपण जिनवाणी वेष्टनात ठेवतो ना, तसं तिने ते माझ्या जुन्या सुती ओढणीत गुंडाळलं आणि सगळ्यात वर ठेवलं. बूट काढून वेगळ्या पिशवीत घातले.