गाविलगडावर पडलेले

७ डिसेंबर जवळ आला की शाळा-कचेऱ्यांत डबा फिरू लागतो. पैसे टाकले की लाल, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन पट्ट्यांचा कागदी झेंडा टाचणीने सदऱ्यावर लागतो. १९४९ सालापासूनचा हा ध्वजदिन. पैसा माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या कामी येतो. लहानपणी आम्हाला झेंडा मिरवायची हौस, कोणासाठी ते विचारतो कोण!

इथे मेळघाटातल्या सेमाडोहात मात्र ही तारीख मला वेगळ्याच कारणाने आठवते. १८०३ साली याच ७ डिसेंबरला इंग्रज सेनानी वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांच्या फौजा अचलपूरहून नागपूरकर भोसल्यांच्या गाविलगडावर, चिखलदऱ्याजवळच्या किल्ल्यावर, निघाल्या. स्टीव्हन्सनच्या वाट्याला उत्तरेकडची डोंगरवाट आली. तोफा, दारूगोळा सगळे माणसांनी हातांनी ओढत चढवले. मेळघाटातले नाले ज्याने पायी ओलांडलेत, त्याला त्यातली दमछाक सांगायला नको. १५ डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंह आपल्या माणसांसह लढताना मारला गेला, आणि दोनच दिवसांनी भोसल्यांनी इंग्रजांशी देवगावचा तह केला.

पुढे १८५१ मध्ये इंग्रजांनी जुन्या लढायांतल्या हयात शिपायांसाठी पदक काढले. त्याच्या फितीवरच्या एका पट्टीवर गाविलगडचे नाव आहे. जिंकणाऱ्यांची अशी सोय झाली. गडावर पडलेल्यांना ना पदक, ना दिवस.

ते धन्यासाठी लढले, देशासाठी नव्हे, असे कोणी म्हणेल. मग पहिल्या महायुद्धात गेलेले आपले जवान कोणाच्या राजासाठी गेले? त्यांची नावे इंडिया गेटवर आहेत, आणि ती असावीतच.

इथले कोरकू आदिवासी असला हिशेब मांडत नाहीत. माणूस गेल्यावर सवडीने, ऐपत जुळली की सिडोली हा स्मरणविधी करतात. सागाच्या लाकडावर घोडेस्वार, चंद्र, सूर्य कोरून ते रोवतात. मेलेला लढाईत गेला की तापाने, याची चौकशी नाही. आपला वीरगळ मात्र वीरालाच.

चिखलदऱ्याला डिसेंबरात शाळांच्या सहली येतात, पोरे गडावर फोटो काढून उतरतात. ध्वजदिनाचा एक तास तिथेच दरवाजाशी घेतला तर? गड व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत, तेव्हा परवानगीचे कागद आलेच. कोण्या मास्तरने ते आतापासूनच हलवायला घ्यावेत.