काच बदलली, गाडीची नजर कोण तपासणार?

मागच्या दिवाळीत आम्ही पुण्याहून कराडला परत येत होतो. शिरवळजवळ पुढच्या डंपरमधून खडा उडाला आणि टक्कन आमच्या काचेवर आपटला. घरी पोचेपर्यंत या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा! दुसऱ्या दिवशी ह्यांनी गावातल्याच एका दुकानात काच बदलून घेतली. दोन तासांत काम झालं, वर दुकानदाराने चहा पाजला. आम्ही खूश.

चार-पाच दिवसांनी मी एकटीच मलकापूरकडे निघाले होते. समोर रस्ता मोकळा. डावीकडच्या पट्ट्यात उसाची ट्रॉली होती, ती आपल्या वाटेने चालली होती. आणि आमच्या गाडीने एकदम स्वतःच कचकन ब्रेक मारला! मागचा मोटारसायकलवाला थोडक्यात वाचला. तो मला जे काही बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. 'बाई गाडी चालवतेय' हे त्यात होतंच. माझा पाय ब्रेकवर नव्हता हे त्याला कसं पटवणार?

मैत्रिणींनो, आमच्या गाडीत चालकाला मदत करणारी यंत्रणा आहे. सगळे तिला 'एडास' म्हणतात. पुढच्या काचेला आतून, आरशाच्या मागे, एक कॅमेरा चिकटलेला असतो. काही गाड्यांत पुढच्या बंपरमागे रडारही असतं. समोर गाडी आली, माणूस आडवा आला, आपण पट्टा सोडला, की ती आधी सूचना देते आणि आपण ऐकलं नाही तर ब्रेक लावते. २०२१ मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये ती आली तेव्हा मोठं कौतुक झालं होतं. २०२४ मध्ये त्याच कंपनीच्या एक्सयूव्ही ३एक्सओ या लहान गाडीतही आली. म्हणजे ही आता फक्त शेठ लोकांची चैन राहिलेली नाही.

आम्ही गाडी कोल्हापूरला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या पंचविशीतल्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, "काकू, काच बदलली का?" मी म्हटलं, "हो, पण काचेचा आणि ब्रेकचा काय संबंध?" मग त्याने समजावलं. काच काढली की कॅमेरा काढावा लागतो. परत बसवताना तो केसभर जरी तिरका बसला, तरी त्याला जग तिरकं दिसतं. एका अंशाचा फरक १०० मीटरवर जवळजवळ पावणेदोन मीटरचा होतो. महामार्गाचा एक पट्टा असतो साडेतीन मीटरचा. म्हणजे शेजारच्या पट्ट्यातली ट्रॉली त्याला आपल्यासमोर दिसली तर नवल नाही. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच. पहिली ओळ जराशी वाकडी गेली की शेवटच्या ओळीला सगळं हुकतं.

याला म्हणतात कॅलिब्रेशन. त्या मुलाने ते करताना मी दोन तास स्टूल टाकून बसले होते, म्हणून सांगू शकते. आधी चारही टायरमधली हवा मोजली. मग डिकी रिकामी करायला लावली, कारण मागे वजन असलं की गाडीचं नाक वर उचलतं. (बचत गटाचे दोन मोठे कुकर आणि सतरंज्या निघाल्या!) जमीन अगदी सपाट हवी, उजेड सगळीकडे सारखा हवा, समोर चकाकणारं काही नको. गाडीची मधली रेषा काढून, कंपनीने ठरवून दिलेल्या अंतरावर आणि उंचीवर चौकटीचौकटींचा एक बोर्ड उभा केला. मग यंत्र जोडलं, आणि कॅमेऱ्याला पुन्हा सरळ बघायला शिकवलं. काही गाड्यांना त्यानंतर पट्टे नीट आखलेल्या रस्त्यावर ठराविक वेगाने फिरवून आणावं लागतं. नुसती काच नव्हे, बंपर काढला, पाटे-सस्पेन्शनचं काम केलं, काही गाड्यांत तर चाकांचं अलाइनमेंट केलं, तरी हे लागतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नजर चुकली आहे हे सांगणारा दिवा डॅशबोर्डवर लागेलच असं नाही. आमचा लागला नव्हता.

परत आल्यावर मी काचेच्या दुकानात गेले. भांडायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू. तो दुकानदार सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "ताई, वीस वर्षं काचा बसवतोय. पाण्याचा एक थेंब आत आला तर सांगा. पण हे मला शिकवलं कोणी?"

माझा राग तिथेच उतरला. खरंच, कोणी शिकवलं? गाडी विकताना शोरूममध्ये या यंत्रणेचं भरभरून कौतुक होतं. ती बिघडली तर तालुक्याच्या गावात कोण बघणार, यावर कोणी बोलत नाही. अशा गाड्या काय फक्त पुण्या-मुंबईतच खडे खातात?

कंपन्या म्हणतील, आमच्याकडेच या. पण पंढरपूर-गडचिरोलीच्या बाईने प्रत्येक खड्यासाठी शंभर किलोमीटर जायचं का? २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. बाहेरच्या गॅरेजवाल्यांना सुटे भाग आणि दोष शोधायची यंत्रं मिळू दिली जात नाहीत, हेच त्याचं कारण होतं. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण दुखणं तेच आहे. माहिती आपल्या मुठीत ठेवायची आणि मग गॅरेजवाला अडाणी म्हणायचं. मला हे पटत नाही.

आणि हे कारपुरतं राहणारही नाही. मोठ्या बस आणि ट्रकमध्ये आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा सक्तीची करण्याचा मसुदा केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२५ मध्येच काढला. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. अशी यंत्रणा हवीच. पण तिरक्या नजरेची यंत्रणा नसलेल्यापेक्षा वाईट, कारण तिच्यावर आपण विसंबतो.

म्हणून माझं म्हणणं आहे की हे आयटीआयमध्ये हाताने शिकवा. पुस्तकात चार ओळी घालून भागणार नाही. एक सपाट हॉल, बोर्ड, मोजमापाची साधनं आणि दोष शोधायचं यंत्र एवढं निदान जिल्ह्याच्या एका आयटीआयला द्या. संध्याकाळी तोच हॉल आमच्या दुकानदारासारख्या कामात मुरलेल्या मिस्त्रींना उघडा. काही आठवड्यांचा वर्ग, तोही मराठीत. आणि आपण बायकांनीही काच बदलल्यावर बिलात 'कॅलिब्रेशन' दिसतंय का ते विचारायचं. विमा कंपनीलाही दावा करतानाच विचारायचं, हा खर्च धरलाय ना?

आता दुसरी गोष्ट. आमच्या बचत गटातल्या एका ताईंची मुलगी यंदा दहावी झाली. तिला मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करायचा आहे. आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, तरी मुली शिवण नाहीतर ब्युटी पार्लरकडेच जातात. आई म्हणते, "मुलीच्या जातीला गॅरेज? हात काळे करून घ्यायचे? कोण पत्करेल?" मी तिला कोल्हापूरचा तो हॉल सांगितला. सपाट फरशी, टेप, लेझरची रेषा, लॅपटॉप. ताकदीपेक्षा डोळे आणि चिकाटी लागणारं काम. आपल्या पोरी रांगोळीचा एक ठिपका इकडचा तिकडे होऊ देत नाहीत, त्यांना हे जमणार नाही?

आई गप्प बसली. मग म्हणाली, "ह्यांना विचारते." फॉर्म भरायला आठवडा उरला आहे. उद्या संध्याकाळी 'हे' घरी असताना मी पुन्हा जाणार आहे, आणि जाताना त्या काचवाल्या दुकानदारालाही सोबत नेणार आहे.