जुन्या जीपचं वय नको, अवस्था तपासा

१ एप्रिल २०२३ पासून सरकारी खात्यांच्या १५ वर्षांवरील गाड्यांची नोंदणी रद्द होते आणि त्या अधिकृत भंगार केंद्रात जातात. लष्कराच्या आणि अंतर्गत सुरक्षेच्या खास गाड्या तेवढ्या या नियमातून वगळल्या आहेत. मोठ्या शहरात या निर्णयाने कुणाचं फारसं अडलं नाही. आमच्या मेडशीसारख्या गावांची मात्र एक जुनी वाट बंद झाली. अकोल्याहून पातूरचा घाट चढून मालेगाव-वाशीमकडे जाताना लागणाऱ्या या पट्ट्यात जीप शोरूममधून क्वचितच आली. पंचायत समितीची, आरोग्य खात्याची, पाटबंधारे खात्याची जीप सेवेतून उतरली की तिचा लिलाव व्हायचा आणि ती एखाद्या शेतकऱ्याच्या नाहीतर पिठाच्या गिरणीवाल्याच्या दारात येऊन उभी राहायची. पुढची कितीतरी वर्षं तीच गावाची गाडी. बाळंतीण दवाखान्यात न्यायची तिच्यातून, बियाण्याच्या थैल्या आणायच्या तिच्यातून, वऱ्हाडही तिच्यातूनच.

माझ्या गोठ्याशेजारच्या टिनाच्या शेडमधली महिंद्राची सीजे-३बी वडिलांनी अशीच लिलावातून आणली होती. ती मी घरीच, शेतीच्या उत्पन्नातून पुन्हा उभी केली. त्या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. गाडी भंगारात जावी की रस्त्यावर राहावी, हे तिच्या वयावरून ठरू नये, अवस्थेवरून ठरावं. आणि जो माणूस जुनी गाडी प्रामाणिकपणे दुरुस्त करतो, त्याच्यासाठी कायद्यात सरळ वाट असावी.

ही गाडी मुळात दुरुस्त होण्यासाठीच घडवलेली आहे. विलीज कंपनीने १९५३ मध्ये सीजे-३बी अमेरिकेत बाजारात आणली. तिच्या नव्या इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व वर हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये बसवलेले होते. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बोनेटही उंच करावं लागलं. तोच उंच कपाळाचा चेहरा आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांनी पाहिला. अमेरिकेत तिचं उत्पादन १९६८ मध्ये थांबलं, पण महिंद्राच्या कारखान्यातून त्याच घडणीच्या जीपा पुढेही बरीच वर्षं बाहेर पडत राहिल्या. म्हणून तिचे बरेचसे सुटे भाग आजही मिळतात. शिडीसारखी चेसी, चारी बाजूंना पाटे, ८० इंची व्हीलबेस, साधारण २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, तीन गिअर आणि जमिनीतून वर आलेले तीन दांडे. यात संगणक कुठेच नाही. जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं आणि नट-बोल्ट काढून बाहेर येतं. फक्त हे नट-बोल्ट इंची मापाचे. मिलिमीटरचे पाने लावले तर कडा झिजतात, म्हणून इंची पान्यांचा संच ही पहिली खरेदी.

त्याच्याही आधी कागद. मेडशी १ जुलै १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होती, मग वाशीम जिल्हा झाला. जुन्या जीपांचे कागद त्यामुळे बहुधा अकोल्याच्या नोंदवहीत असतात आणि मालक बऱ्याचदा हयात नसतो. नाव बदलायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, मालक वारला असेल तर ३१, दुसऱ्या कार्यालयात न्यायची तर २८, नोंदणीची मुदत वाढवायला २५. चेसीवरचा ठोकलेला नंबर आणि आरसी बुकातला नंबर जुळत नसेल, तर त्या गाडीवर एक रुपयाही खर्च करू नये. गावोगावी तरुण पोरं स्वस्तात मिळाली म्हणून बिनकागदाची जीप आणतात आणि घामाचा पैसा तिच्यात घालतात. अशी गाडी कितीही सुंदर झाली तरी ती शेडमध्येच राहणार.

कागद झाल्यावर सगळ्यांना घाई असते इंजिनाची. माझ्या मिस्त्री चाचांनी मला बोनेट उघडू दिलं नाही. "भाऊ, आंधी गाडी थांबली पायजे, मंग पयाची गोठ करा," असं म्हणून ते थेट चाकांकडे वळले. या जुन्या जीपच्या ब्रेकची रचना समजून घेतली की त्यांचं म्हणणं पटतं. मास्टर सिलिंडर एकच आणि त्याची पाइपलाइनही एकच. चारांपैकी एका चाकाचा सिलिंडर गळला तरी पॅडल तळाला जातं आणि चारही चाकांचा ब्रेक जातो. हँडब्रेक चाकांवर नसून मागच्या प्रॉपेलर शाफ्टवर असतो. पातूरच्या घाटात उतारावर तेवढ्यावर विसंबता येत नाही. त्यामुळे पाइप, होज, व्हील सिलिंडरचे रबर आणि शू हे सगळं नवं घालायचं. जुन्यातलं बरं निवडून लावायचं नाही. स्टेअरिंगचंही तसंच. पुढच्या हाउसिंगमधले किंगपिनचे बेअरिंग आणि मधला बेलक्रँक झिजला की गाडी खड्ड्यातून गेल्यावर स्टेअरिंग हातात थरथरत राहतं. टायर बदलून तो दोष जात नाही. काटकसर कुठेही करा, या दोन जागी करू नका, हे मी शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

काटकसरीचं माझं गणित शेतीच्या पैशाला जुळवून घेतलेलं आहे. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आसपास येतात, तुरीचे संक्रांतीनंतर, हरभऱ्याचे होळीच्या सुमारास. पेरणीचा पैसा, मुलांची फी, घरचं औषधपाणी बाजूला काढून जे उरेल, त्यात गाडीचं एकच काम हाती घ्यायचं आणि ते संपल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. जीप पैशाअभावी मरते त्याहून जास्त ती अर्धवट उघडून ठेवल्याने मरते. सगळी गाडी एकदम खोलली की बोल्ट हरवतात, मोकळे भाग गंजतात, आणि दोन पावसाळ्यांनी कुठला भाग कुठचा ते कुणालाच आठवत नाही. मी प्रत्येक जोडाचा फोटो काढून ठेवला आणि नट-बोल्ट कामानुसार वेगवेगळ्या डब्यांत भरले. याला खर्च काहीच नाही.

आपल्या हातांनी होणारं काम आपणच करायचं. वायर ब्रशने गंज घासणं, भाग डिझेलमध्ये भिजवून धुणं, वायरिंग ओढणं, सीट शिवून घेणं यात पैसा वाचतो. जिथे मोजमाप बारीक आहे, तिथे पैसा सोडायचा. सिलिंडरचं बोअर, क्रँकचं ग्राइंडिंग, व्हॉल्वची बैठक हे काम अकोल्याच्या चांगल्या लेथवरच करून घ्यावं. पाट्यांना पुन्हा कमान देण्याचं काम मात्र आमच्या भागातल्या लोहाराने उत्तम केलं. ट्रॅक्टर-ट्रॉलीचं वेल्डिंग करणाऱ्या पोराने तळाचा सडलेला पत्रा कापून नवा बसवला. गावात केवढं कसब विखुरलेलं आहे, हे या गाडीने मला दाखवलं.

आजच्या पेट्रोलचाही विचार करावा लागतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीतल्या इंधन पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या इथेनॉलने नरम पडतात, चिरतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर टाकी आतून गंजते. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवणं आणि टाकीत गरजेपुरतंच पेट्रोल ठेवणं, हे स्वस्तातले उपाय आहेत. पेट्रोल परवडत नाही म्हणून अनेकांनी या जीपांत डिझेल इंजिन बसवलं. ते मला मान्य नाही. आरसीवर पेट्रोल आणि बोनेटखाली डिझेल, हा कायद्याचा भंग आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मूळ घडणीत असा फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या मंडी डबवालीतून रुंद टायरांच्या चकचकीत जीपा मागवण्याची हौस आपल्याकडेही पोहोचली आहे. जुन्या कागदावर नवी गाडी उभी करणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. मूळ घडण जपणं कमी खर्चाचं आणि कायद्याचंही.

इथेच कायद्यातली पोकळी दिसते. जुलै २०२१ मध्ये केंद्राने जुन्या वारसा गाड्यांसाठी नियम केले. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल आणि चेसी, बॉडी, इंजिन मूळ स्वरूपात असेल, तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. ज्याला तीच जीप घेऊन पाणंद रस्त्याने शेतात जायचं आहे, त्याच्या उपयोगाचा हा नियम नाही. त्याच्यासमोर नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरण उरतं. त्याची फी १ एप्रिल २०२२ ला ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी १०,००० रुपये. ही रक्कम वयाची आहे. ब्रेक चांगले ठेवणारा आणि न ठेवणारा, दोघेही तेवढेच भरतात.

कसब आहे पण नियमांत त्याला जागा नाही, याचं एक उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावात घडलं. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून मुलासाठी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी पाहिला. ही गाडी नियमांत बसत नाही, ती केव्हातरी अडवली जाईल, हे ओळखून त्यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिली. लोहारांना त्यांच्या कसबाचा मान मिळाला, याचा मला आनंद आहे. पण प्रत्येक गावातल्या लोहाराला एक उद्योगपती भेटणार नाही. ज्या हातांनी अशी गाडी घडते, त्या हातांना नियमांत बसणारं काम मिळवून देणं ही व्यवस्थेची जबाबदारी आहे, आणि जुन्या जीपची रीतसर दुरुस्ती हे तसं काम आहे.

प्रदूषणाचा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर दिलंच पाहिजे. जुनं इंजिन नव्यापेक्षा जास्त धूर टाकतं. दिल्लीत १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले ते तिथल्या हवेमुळे. मेडशीच्या शिवारात आठवड्यातून थोडी फिरणारी जीप आणि राजधानीत रोज अडकून पडणाऱ्या लाखो गाड्या यांना एकच माप लावता येणार नाही. तरीही पीयूसी चुकवू नये. या पिढीच्या पेट्रोल गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत असावा लागतो. कार्बोरेटर आणि पॉइंट नीट बसवले तर ते जमतं, जमत नसेल तर गाडी बाहेर काढू नये. सुरक्षेचंही तसंच. या जीपला एअरबॅग नाही, धडक सोसणारी रचना नाही. मी पट्टे बसवले आहेत, ताशी ५० च्या वर जात नाही, आणि जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर ती कधीच नेणार नाही. तो रस्ता तिच्यासाठी नाही. तिचा रस्ता काळ्या मातीचा आहे, जिथे पावसाळ्यात मोटारसायकल रुतते आणि तिचे अरुंद टायर चिखल कापत खालच्या कठीण थरापर्यंत पोहोचतात. असं काम करणारी नवी गाडी घ्यायला आज १० लाखांच्या वर रुपये लागतात.

म्हणून माझ्या मागण्या तीन आहेत. पहिली, २५ ते ५० वर्षांच्या मूळ घडणीतल्या गाड्यांसाठी मर्यादित वापराचा परवाना द्या. जिल्ह्यापुरता, वेगमर्यादेसह, दरवर्षी कसून तपासणी करून. दुसरी, सेवेतून उतरणाऱ्या सरकारी गाड्यांपैकी काही थेट आयटीआयला द्या. पोरांनी ब्रेक, गिअरबॉक्स, हाउसिंग स्वतः खोलून पाहिलं तर तिथून बाहेर पडताना त्यांच्या हातात कसब असेल. वाशीम २०१८ पासून देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. कौशल्यावरच्या भाषणांपेक्षा अशी एक उघडी गाडी जास्त शिकवेल. तिसरी, तालुक्याच्या ठिकाणी जुन्या वाहनांच्या वारस-नोंदीची शिबिरं घ्या, म्हणजे चांगल्या गाड्या कागदाअभावी सडणार नाहीत.

चाचांच्या पिढीचे मिस्त्री आता थकले आहेत. आवाज ऐकून गिअरबॉक्सचं कुठलं बेअरिंग गेलं ते सांगणारी माणसं अजून आहेत, तोवरच हे शिकून घेता येईल. नियम करणाऱ्यांनी आरसीवरचं वर्ष वाचण्याआधी ब्रेक दाबून पाहावा, चेसीवर हातोडी वाजवून पाहावी, धूर मोजावा. माझी जीप त्यात उतरली तर तिला राहू द्या. नापास झाली, तर मी स्वतः तिला ओढून भंगार केंद्रात नेऊन देईन.