ठिणगी शेजाऱ्याच्या अंगणात पडते

बडोद्याच्या राजमहाल रस्त्यावरील खंडेराव मार्केट आमच्या पुष्कळ वाचकांच्या परिचयाचे आहे. श्रीमंत सयाजीराव महाराज (तिसरे) यांच्या कारकिर्दीत, १९०६ साली, ही घुमटांची भव्य वास्तू उभी राहिली व तिला खंडेराव महाराजांचे नाव देण्यात आले. आज तेथे महानगरपालिकेची कचेरी आहे आणि मागल्या अंगास भाजी, फळे व फुले यांचा बाजार भरतो.

अशा गजबजलेल्या बाजारात कोणाच्या शटरची पट्टी निखळते, कोणाच्या हातगाडीचा दांडा मोडतो, कोणास गाळ्यापुढे पत्र्याची शेड हवी असते. वेल्डर आपला संच घेऊन दारात येतो. काम अवघे अर्ध्या तासाचे. परंतु शेजारीच पुठ्ठ्याची खोकी, वाळलेला पेंढा, गोणपाट आणि वर प्लास्टिकचे छप्पर असते. लोखंड वितळण्यास सुमारे दीड हजार अंश सेल्सियस उष्णता लागते, आणि विजेची ज्योत त्याहून कितीतरी अधिक तप्त असते. तिच्यातून उडालेला लोखंडाचा थेंब कोठे जाऊन पडेल, हे काळ्या काचेआडून पाहणाऱ्या कारागिरास दिसत नाही. म्हणून आम्ही आज वेल्डरापेक्षा त्यास काम सांगणाऱ्या घरमालकाशी व दुकानदाराशी बोलणार आहोत.

निष्काळजीपणाची किंमत गुजरातने अलीकडेच मोजली आहे. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या टीआरपी गेम झोनमध्ये वेल्डिंगचे काम चालू असताना ठिणग्यांनी आग लागली आणि २७ माणसे प्राणास मुकली. त्यांत मुलेही होती. सुट्टीतली गर्दी आत खेळत होती आणि काम त्याच छपराखाली चालले होते. ११ एप्रिल १९९६ रोजी जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ विमानतळावर तर वेल्डिंग चालले होते वरच्या रस्त्यावर. तप्त धातू सांध्याच्या फटीतून खाली उतरला, छतातील फेसाळ प्लास्टिकच्या थरास लागला आणि १७ जणांचा बळी गेला. हातात होल्डर धरलेल्या माणसाऐवजी खालून जाणारे निरपराध लोक मेले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

यावरून निघणारा नियम साधा आहे. ज्योत पेटण्यापूर्वी सभोवतालच्या ३५ फुटांतील, म्हणजे सुमारे ११ मीटरांतील, जळण्यासारखे सर्व सामान हलवावे. जे हलवता येत नाही ते न जळणाऱ्या जाड कापडाने झाकावे आणि भिंतीतील, जमिनीतील फटी बुजवाव्यात. वाळूच्या बादल्या व अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवावे. एका माणसास केवळ ठिणग्यांवर नजर ठेवण्यास बसवावे. काम संपल्यावरही त्याने निदान तासभर तेथून हलू नये, कारण गोणपाटातली धग कधी कधी उशिराने पेट घेते. डिझेलचे वा तेलाचे रिकामे पिंप कधीही वेल्डिंगला देऊ नये. पिंप रिकामे दिसते, पण आतील वाफ स्फोटास पुरेशी असते.

दुसरे संकट विजेचे. संचातून येणारा दाब घरातील विजेपेक्षा कमी असला, तरी घामाने भिजलेल्या अथवा पावसात उभ्या असलेल्या माणसाचा जीव घेण्यास तो पुरतो. हातमोजे कोरडे असावेत, पायांत रबरी तळाचे बूट असावेत, आणि उघड्या हाताने काडी बदलू नये. संचास वीज पुरवणारी वायर ठिकठिकाणी पट्टी चिकटवलेली दिसली, तर काम थांबवावे. संचाची पेटी अर्थिंगला जोडलेली असावी. परतीच्या वायरचा चिमटा ज्या तुकड्यावर काम चालले आहे त्यालाच, अगदी जवळ लावावा. शेडच्या खांबास तो अडकवून दिला, की वीज कोणत्या वाटेने परत फिरेल याचा भरवसा राहत नाही. मेन बोर्डावर गळती पकडणारा स्विच आहे म्हणून निर्धास्त राहू नये. संचातून काडीकडे जाणाऱ्या विजेवर त्याचा पहारा नसतो.

तिसरे, डोळे. ज्योतीकडे क्षणभर पाहिले तर तेव्हा काहीच होत नाही. पाच-सहा तासांनी मध्यरात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारख्या वेदना सुरू होतात. हा अतिनील किरणांचा भाजा असतो. बाजारातील साधा काळा चष्मा येथे कुचकामी ठरतो. नेहमीच्या काडीच्या कामास दहा-अकरा क्रमांकाची काच असलेला मुखवटाच हवा. पाइप धरून उभ्या असलेल्या मदतनिसासही तो द्यावा, आणि रस्त्याच्या बाजूस आडोसा उभारावा, कारण लहान मुले त्या निळ्या प्रकाशाकडे टक लावून पाहतात. डोळे दुखू लागले तर बटाट्याच्या चकत्या ठेवीत न बसता नेत्रवैद्याकडे जावे. बधिरतेचे थेंब आपल्या मनाने पुनःपुन्हा घालू नयेत; त्यांनी जखम भरण्यास उशीर होतो.

धुराविषयीही दोन शब्द. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप जोडल्यावर संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, तो पुष्कळदा त्या धुराचाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर निश्चित कर्ककारकांत घातला आहे. गूळ खाल्ल्याने किंवा दूध प्याल्याने तो फुप्फुसांतून धुऊन निघत नाही. काम उघड्यावर करावे, मुलामा आधी घासून काढावा, वाऱ्याच्या वरच्या बाजूस उभे राहावे व योग्य गाळणीचा मुखपट्टा बांधावा.

वाचकहो, हे सारे करण्यास वेळ लागतो आणि वेळेस पैसा पडतो. येथेच आमचे मागणे आहे. घासाघीस करून आपण मजुरीचे चार पैसे वाचवतो, तेव्हा कारागीर बहुधा हातमोजे, आडोसा आणि राखणदार यांवरच काट मारतो. “आटपा लवकर, गिऱ्हाईक खोळंबले आहे,” असे म्हणणारे आपणच असतो. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ म्हणून आपण हसतो; पण आपल्या दारात ज्योत पेटते तेव्हा वाळूची एक बादली तरी कोणाच्या ध्यानात असते काय?

पुढच्या वेळी वेल्डर दारात आला, म्हणजे भाव ठरवण्यापूर्वी त्यास एवढेच विचारावे : “तुमच्यासाठी जागा किती मोकळी करून देऊ? आणि राखण कोणी करावयाची?” राखणीला दुसरे कोणी नसेल, तर आपण स्वतः स्टूल घेऊन बसावे. कामानंतरच्या त्या एका तासात वर्तमानपत्र मात्र वाचीत बसू नये.